राणाचा राजगोंडा झाला आणि आमच्या घरचा टीव्ही बंद झाला

वडगावचा_धाकटा :
पाय मुरगळल्यामुळं दोन आठवडे घरी बसून आहे. आईला निमित्तच मिळालं. तिनं मोबाईल टीव्हीला जोडायला लावला आणि 'तुझ्यात जीव रंगला' पहिल्या भागापासून लावली. मी म्हटलं, आई, ही आपण रागानं सोडलेली मालिका. ती म्हणाली, "सोडली ती पुढची. ही आधीची आहे."

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी : २०१६ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, २०२१ च्या जानेवारीत संपली. हजाराच्या वर भाग. राणा गायकवाड हा कोल्हापूरकडचा पैलवान गडी, शिक्षण कमी, मन साफ. त्याच्या गावात पाठकबाई, म्हणजे अंजली, मास्तरीण म्हणून येतात. घरात वहिनीसाहेब नंदिता, डोळा इस्टेटीवर. बस, एवढंच. आणि एवढ्यावर पहिलं वर्ष असं काही रंगलं होतं की साडेसातला आमची बेळगावातली गल्ली रिकामी व्हायची.

आता पुन्हा बघताना जाणवलं, त्या सुरुवातीच्या भागांत फारसं काही घडतच नाही. राणा बाईंपुढं उभा राहतो, घाम पुसतो, "चालतंय की" म्हणतो आणि निघून जातो. त्यावर अख्खा भाग! आणि तरी कंटाळा येत नाही. पुढं मात्र रोज काहीतरी घडायला लागलं. विष, खोट्या सह्या, अपहरण. आणि २०१९ मध्ये तर राणाला मेल्यात जमा करून हुबेहूब तसाच दिसणारा 'राजा राजगोंडा' आणला. त्या दिवशी आमच्या बाबांनी रिमोट ठेवला तो ठेवलाच.

तेव्हा मला वाटायचं, त्या डुप्लिकेटनं वाट लावली. आता वाटतं, दुखणं जुनं होतं, राजगोंडा नुसता पुरळ. तुम्ही कुठं सोडली? आणि का?

टीव्हीचा_रिमोट :
राजगोंडा. +१.

जांबोटीकर :
आमच्याकडं मालिका ट्रायनं, म्हणजे टीव्हीचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, बंद केली. १ फेब्रुवारी २०१९ पासून चॅनल निवडून पैसे भरायचे आले ना? कन्नड पॅक घ्यायचा की मराठी, यावर घरात तीन दिवस बैठक. बायको धारवाडकडची, मी जांबोटीचा. शेवटी दोन्ही घेतले आणि क्रिकेटचं चॅनल गेलं. त्यात मधले वीसेक भाग हुकले. परत लावली तर राणा मेलेला आणि राणाच समोर उभा. बायको म्हणाली, "तुमच्या मराठीत मेलेलं माणूस इतक्या लवकर येतं होय?"

निपाणीची_लेक :
मला सगळ्यात जास्त हसू कशाचं आलं माहितेय? नावाचं! आमच्या निपाणी-बोरगाव पट्ट्यात राजगोंडा, बाबगोंडा, भीमगोंडा ही जैन पाटलांत घरोघरची नावं. माझ्या सासऱ्यांच्या चुलत्यांचं नावच राजगोंडा. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं, अंगानं काडी. टीव्हीवर तो 'राजा राजगोंडा' रुबाबात अवतरला तेव्हा आमच्या घरी टाळ्या पडल्या आणि त्या चुलत्यांना पुढं महिनाभर सगळे 'राजा' म्हणत होते.

पण धागाकर्त्याचा मुद्दा पटला. आमच्यासाठी ही मालिका भाषेमुळं आपली होती. "चालतंय की" हे कुणी लिहिलेलं वाक्य वाटायचंच नाही, आमचे भाजीवाले तसंच बोलतात. पुण्यातली माझी नणंद कौतुकानं म्हणून दाखवायची तेव्हा उगाच छाती फुगायची. नंतर नंतर प्रसंगच असे आले की तिथं कोल्हापुरी बोलून करायचं काय? "मी तुला सोडणार नाही", "या घरात माझंच राज्य चालेल" ही वाक्यं कुठल्याही मालिकेतल्या कुठल्याही वहिनीला द्या, बसतात. शेवटी 'की' आणि 'व्हय' चिकटवले की झाली कोल्हापुरी.

तांबडीमाती :
मी येळ्ळूरचा. गुडघा जाईपर्यंत चार-पाच वर्षं तालमीत होतो, म्हणून जरा लांबण लावतो. सांभाळून घ्या.

या मालिकेनं आम्हाला धरलं ते मातीनं. तालमीतली तांबडी माती म्हणजे शेतातनं आणून ओतली असं नसतं. तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालून मुरवलेली असते. पहाटे चारला आत पाय टाकला की जो वास येतो तो ज्यानं घेतलाय त्याला आयुष्यभर पुरतो. राणा लंगोट लावून हौद्यात उतरला की आमच्या आज्ज्याला तो वास यायचा म्हणे, टीव्हीतनं! आज्जा स्वतः आनंदवाडीच्या आखाड्यात लढलेला. तो एकेक चूक काढायचा, "पट काढताना मान कुठं ठेवलीय बघ, मोडंल की," पण उठायचा नाही. चूक काढावीशी वाटते म्हणजे माणूस गुंतलाय.

आणखी एक. पैलवान गडी बाईंसमोर लाजतो, हे बाहेरच्यांना गोड वाटलं असेल. आम्हाला ते खरं वाटलं. वस्तादाच्या धाकात वाढलेली पोरं तशीच असतात. हनुमानाचा फोटो समोर, जोर-बैठका, थंडाई, दूध, झोप. बाईमाणसाशी बोलायची सवयच नाही. म्हणजे राणाचा स्वभाव त्याच्या धंद्यातनं आला होता.

आता घसरण. लेखकांनी राणाला ताकद दिली आणि त्याच्या पुढ्यात शत्रू टाकले ते सगळे कागदपत्रांचे, कुजबुजीचे, दुधात काहीतरी मिसळणारे. कारस्थानावर ढाक डाव टाकता येत नाही. वहिनीसाहेबांना कलाजंग मारून चालत नाही. मग हिरोनं करायचं काय? भोळेपणानं फसायचं. एकदा फसला, ठीक. दहाव्यांदा फसला की भोळा राहत नाही, बावळट होतो. माझ्या लेखी मालिका तिथं गेली. राणा मेला काय, राजगोंडा आला काय, मला फरकच पडला नाही.

येळ्ळूरच्या यात्रेच्या मैदानात बघा कधी. दोन मल्ल भिडले की आधी खडाखडी होते, मनगटं धरायची, मानेवर हात टाकायचा, अंदाज घ्यायचा. लोक गप्प बसून बघतात, त्यातही मजा असते. पण तीच पंधरा-वीस मिनिटं चालली की शिट्ट्या सुरू होतात. पंच दम देतो. आणि शेवटी बरोबरीत सोडवली तर पब्लिक म्हणतं, पैसे परत द्या. ह्या मालिकेची शेवटची दोन-अडीच वर्षं नुसती खडाखडी होती. वहिनीसाहेब सापडणार, सापडणार... निसटल्या. पुन्हा हात मानेवर.

वडगावचा_धाकटा :
@तांबडीमाती, दंडवत घ्या. हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, "तुझ्या आज्ज्यालाबी सांगायला पाहिजे होतं." आमचे आजोबापण आनंदवाडीलाच जायचे, बघायला का होईना.

पडद्यामागचा :
खानापूरचा आहे, बरीच वर्षं पुण्या-मुंबईत याच धंद्याच्या कडेकडेनं काम केलं. या मालिकेशी माझा संबंध नव्हता, तरी हे असं का होतं ते सांगू शकतो.

आठवड्याचे सहा भाग म्हणजे महिन्याला पंचवीस-सव्वीस. जाहिराती काढल्या तर एकेका भागात बावीस-तेवीस मिनिटांचं काम. म्हणजे महिन्याला जवळजवळ साडेनऊ तास! कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. संवाद लिहिणाऱ्याला कधीकधी उद्या शूट होणारा सीन आज संध्याकाळी मिळतो. पहिले शंभरेक भाग वेगळे असतात, कारण त्यांच्यामागं वर्षभर घोळवलेला विचार असतो. माणसं कुठून आली, कशी बोलतात, घरात कोण कुठं बसतं, हे सगळं आधी ठरलेलं. ती शिदोरी संपली की मग रोजचं कमवा आणि रोजचं खा.

मग गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोण काय बघतं ते घरोघरच्या मीटरवरनं मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. एखाद्या आठवड्यात अपहरण दाखवलं आणि आकडा वर गेला की झालं, खालच्या माणसाला निरोप जातो, असं आणखी काहीतरी द्या. लाजण्यानं आकडा हळूहळू चढतो, अपहरणानं एका आठवड्यात. कुणीही काय निवडेल?

डुप्लिकेट का आणतात तेही सांगतो. हिरो तोच, त्याच्या तारखा आधीच आपल्याकडं. नवा नट नको, नवा सेट नको, फक्त कपडे आणि चालण्याची ढब बदला. वर महिनाभराच्या जाहिराती : 'तो राणाच आहे का?' याहून स्वस्त भानगड दुसरी नाही.

आता यातली आपल्या वाट्याची गंमत. बार्कच्या हिशेबात मराठी चॅनलचा बाजार म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा. कर्नाटक हा वेगळा बाजार. बेळगावात कुणाच्या घरी मीटर असलंच तरी ते घर कर्नाटकात मोजलं जाणार. म्हणजे तुमच्या बाबांनी रागानं रिमोट ठेवला, त्यानं मुंबईत कुणाच्या चहात साखरही कमी झाली नाही.

टीव्हीचा_रिमोट :
म्हणजे इथंपण आपण वादग्रस्त भागच!

जांबोटीकर :
हजार भाग लांबवली म्हणून कशाला रडूलालाय? आपला सीमाप्रश्न १९५६ पासून चाललाय. २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यात मधे किती कलाकार बदलले, किती जण मेलेले परत आले... :)

व्यवस्थापक :
हसलो. पण राजकारणाला वेगळा धागा आहे, तिकडं जा ओ.

मावशी_शहापूर :
मी फारसं लिहीत नाही, वाचते. पण तुम्ही सगळे शहाणे लोक मालिकेला फार बोलूलालात म्हणून राहवलं नाही.

मला त्यातलं खोटं कळत नव्हतं असं समजू नका. राणा मरणार नाही हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तरी तो राजगोंडा होऊन आला तेव्हा माझ्या डोळ्याला पाणी आलं, आणि मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, पुसताही येईना. आमचे हे गेले त्याला तेव्हा वर्ष झालं नव्हतं. गेलेला माणूस दारात उभा राहिला, मग तो दुसराच का असेना, बघावंसं वाटतं. तुम्हाला ते लबाडी वाटलं. असेल.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, शूटिंग बंद, मार्चपासून जुलैपर्यंत नवे भाग आलेच नाहीत. तेव्हा कळलं मला, साडेसातला माझ्या घरात एवढी माणसं बोलत होती ती. मुलगा बंगळूरला. शेजारच्या अक्का दार लावून बसलेल्या. जुने भागच परत लावायचे, तेही बघितले.

एक मात्र खरं. शेवटी शेवटी वहिनीसाहेबच बदलल्या. धनश्री काडगावकर गेली, दुसरी आली. ती पोरगीबी वाईट नव्हती, पण चार वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली ती अचानक वेगळ्या तोंडानं बोलायला लागल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या? तेवढं मात्र मला खपलं नाही.

निपाणीची_लेक :
मावशी, तुमच्या प्रतिसादानंतर मी माझा परत वाचला आणि जरा ओशाळले.

तांबडीमाती :
मावशींचं मान्य. पण मावशी, रडू तुमचं होतं. लेखकानं त्यावर आपला डाव साधला, एवढंच माझं म्हणणं.

मावशी_शहापूर :
साधू दे की. कीर्तनकारबी तेच करतो.

कडोलकर_अक्का :
शेजारची अक्का म्हणून माझाच उद्धार झाला असं धरून चालते. :)

आमच्या घरी हीच गोष्ट कन्नडमध्ये चालायची, 'जोडी हक्की'. हक्की म्हणजे पाखरू. तिथं राणाचा रामण्णा आणि अंजलीची जानकी टीचर. आमच्या सासूबाई कन्नड बघायच्या, मी मराठी. त्यामुळं दुपारी भाजी निवडताना वाद, कुणाचा पैलवान खरा. मूळ मराठी असल्यामुळं पुढचं मला आधी ठाऊक, आणि मी फोडायची. सासूबाई चिडायच्या. एकदा त्या म्हणाल्या, तुमचा राणा नुसता गोरामोरा होतो, आमचा जरा बोलतो तरी. कन्नडवाल्यांनी २०१७ ला सुरू करून २०१९ ला आटोपली. आपली त्यानंतरही दीड वर्ष चालू. आमच्या सासूबाईंना तो फार मोठा विजय वाटायचा, "आमच्यांना संपवता येतं."

पडद्यामागचा :
अक्का, मग सासूबाईंना 'जोथे जोथेयली'चं विचारा. ती आपल्या 'तुला पाहते रे'वरनं केलेली. मराठीत २०१८ च्या ऑगस्टला सुरू होऊन पुढच्या जुलैत संपली, वर्षभरात. कन्नडमध्ये तिला तीन वर्षांच्या वर ओढली. मधे नायकाचा नटसुद्धा बदलला.

कडोलकर_अक्का :
विचारलं. म्हणाल्या, "ती मी बघतच नव्हते." रोज बघायच्या!

जांबोटीकर :
पण हे उदाहरण धाग्याच्या उलट जातं की. 'तुला पाहते रे' वर्षात संपली, म्हणजे पाणी घालायला वेळच नव्हता. तरी काय झालं? विक्रांत सरंजामे आणि ईशा निमकर, वयातलं अंतर, चाळीतलं घर आणि मोठा बंगला, आई-वडलांची घालमेल. विषय कसला भारी होता. चाळिशीतल्या माणसावर विशीतली मुलगी भाळते, तर घरी बसून जे बोलतात ते सगळं बोलायची संधी. आणि मधेच कळतं, विक्रांत खलनायक आणि ईशा म्हणजे त्याच्या मेलेल्या बायकोचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म. झालं. जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर द्यायचंच टाळलं. वयाच्या अंतराचं काय? काही नाही, ती मागच्या जन्मी त्याची बायकोच होती. लांबीचा दोष नाही हा.

वडगावचा_धाकटा :
हे पटलं. म्हणजे दोन्हीकडं तेच. सुरुवातीला मालिका एक प्रश्न घेऊन येते. अडाणी पैलवान आणि शिकलेली बाई एका घरात कशी नांदतील? याचं उत्तर देत देतच दोनशे भाग सहज गेले असते. बाईंची नोकरी, त्याचा तालमीचा खर्च, घरात इंग्रजी चिठ्ठी आली तर ती कुणी वाचायची. आमच्या गल्लीतच अशी दोन जोडपी आहेत, त्यांची रोजची धुसफूस मी लिहून देतो फुकट. पण तो प्रश्न अवघड, त्यात चुकायची भीती. त्यापेक्षा विषाची बाटली सोपी.

टीव्हीचा_रिमोट :
'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या बाळंतपणाला कुणीच हात घातला नाही अजून? आमची म्हैस दोनदा व्याली तेवढ्यात.

निपाणीची_लेक :
आणि 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका. मसाले कुटता कुटता तीनशे कोटींची मालकीण. आमच्या बचत गटाच्या बायका अजून एकमेकींना विचारतात, "तीनशे कोटी झाले काय गं?"

खिंडीतला :
जाता जाता, 'रात्रीस खेळ चाले'बद्दल बोला की. ते तर आपल्या आंबोली घाटाखालचंच, सावंतवाडीजवळचं आकेरी. आम्ही बेळगावहून मोटरसायकली काढून वाडा बघायला गेलो होतो, रस्त्यावर पाऊस म्हणजे नुसता मार. पहिल्या पर्वात अण्णा नाईक गेल्यावरची गोष्ट, दुसरं पर्व २०१९ मध्ये आलं ते त्याच्या आधीची. मागं जाऊन सांगितलेली गोष्ट पहिलीपेक्षा सरस निघाली. का? शेवट ठरलेला होता! अण्णा मरणार हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं लेखकाला कुणाला तरी जिवंत ठेवायची फिकीर नव्हती. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता, दोघंही मोकळेपणानं वाईट वागली. तिसऱ्या पर्वात तीच माणसं भुतं होऊन आली, पुढं शेवंताची नटीही बदलली. मेलेल्या माणसाला पुन्हा मारता येत नाही, म्हणून भीतीच संपली. आम्ही हसायला लागलो.

तांबडीमाती :
शेवट ठरलेला होता म्हणून सरस, हे बरोब्बर. कुस्ती निकाली असेल तरच मल्ल अंग झोकून देतो.

पडद्यामागचा :
आणि नेमकं तेच आपल्याकडं दैनंदिन मालिकेत कुणी लिहून देत नाही. किती भागांची, हे चॅनललाच ठाऊक नसतं. बंद करायची ठरली की दोन-तीन आठवड्यांत सगळ्या गाठी सोडवा. मग चार वर्षं न सुधारलेली माणसं चार दिवसांत सुधारतात.

जांबोटीकर :
एक मात्र झालं. मालिकेतला संसार काय बघवला नाही, पण राणा आणि अंजली झालेल्या हार्दिक जोशी आणि अक्षया देवधरनं २०२२ च्या डिसेंबरात खरंच लग्न केलं. बायको फोटो बघून म्हणाली, आता हे तरी वहिनीसाहेबांच्या हाती देऊ नका.

मावशी_शहापूर :
त्या लग्नाचे फोटो मी पण बघितले. वडगावच्या बाळा, तुझी आई कुठवर आली रे आता? मलाबी पहिल्यापासून लावायचं आहे, मुलगा दिवाळीला येईल तेव्हा जोडून देईल म्हणालाय.

वडगावचा_धाकटा :
मावशी, त्रेपन्नावा भाग. राणा आत्ता बाईंच्या दारात येऊन उभा राहिलाय आणि काय बोलायचं ते विसरलाय. पाय बरा झाला, सोमवारपासून मला कामावर जायचंय, पण आई म्हणते संध्याकाळी साडेसातलाच लावायचं, आधी नाही. दिवाळीपर्यंत कशाला थांबता, रविवारी येतो शहापूरला, जोडून देतो.

मावशी_शहापूर :
ये. आईलाबी घेऊन ये. मांडे काही जमायचे नाहीत आता, भाकरी-पिठलं करते.